सरळ रेघांचा मासा

माझ्या भाऊजींचा उजवा डोळा गेला. ही बातमी आम्हाला सगळ्यांच्या आधी एका माशाने दिली होती आणि आम्ही ती ऐकली नाही. मी तर ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी फार शहाणी समजायला नको.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चाळीस वर्षं चष्मे करत आले. दोन हात पसरले की दोन्ही भिंतींना बोटं लागतील एवढंच दुकान. पुढे फ्रेमांचे खण, मागे टेबल, टेबलावर काच घासायचं चाक आणि काचेचा नंबर मोजायचं जुनं यंत्र. हा सगळा डोलारा एका उजव्या डोळ्यावर उभा होता. डावा डोळा लहानपणापासून आळशी. "त्याला माणसं दिसतात, माणसांची नाकं दिसत नाहीत," असं ते स्वतःच सांगत. काम करताना डावा डोळा मिटायचा, उजव्याला छोटं भिंग लावायचं आणि काचेवर शाईचा ठिपका द्यायचा, ही त्यांची पद्धत. तो ठिपका केसभर हलला तर माणसाचं डोकं दुखतं म्हणे. त्यांचा ठिपका हलत नसे.

दुकानात भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता आणि त्याच्या शेजारी नुसत्या बारीक चौकटींचा एक कागद. साठीच्या पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते त्या कागदासमोर बसवत, एक डोळा झाकायला लावत आणि विचारत, "रेघा सरळ आहेत ना? कुठे वाकत नाहीत ना?" कुणी वाकतात म्हणालं की चष्म्याचं नाव काढत नसत. त्याला त्याच पावली डोळ्यांच्या दवाखान्यात धाडत. अशी किती माणसं त्यांनी वेळेवर पाठवली असतील, त्यांनाच ठाऊक नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला शिकवली होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर नवा चष्मा चढवला की ते काय म्हणतं याकडे कान द्यायचा. "अरे वा, ती पाटी दिसतेय की!" म्हणालं तर काम झालं. कटकट करायला लागलं तरी हरकत नाही, कटकट करणाऱ्याला काहीतरी दिसत असतं. "पण जो नुसतं 'बरं' म्हणून उठतो ना," भाऊजी म्हणत, "त्याला धरून परत खाली बसवायचं. त्याला काहीही दिसलेलं नसतं. तो आपलं मन राखतोय."

मी छापखान्यात मुद्रितं तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि समासात खुणा करायच्या. म्हणून भाऊजी मला 'शुद्धलेखनबाई' म्हणतात. मी वरच्या मजल्यावर एकटी राहते. संध्याकाळचा चहा खाली, ताईकडे. त्या चहाच्या वेळी एक दिवस भाऊजींनी जाहीर केलं की त्यांना खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचे आहेत.

"आयुष्यभर लोकांना दाखवलं," ते म्हणाले. "आता जरा मी बघतो."

ताईने माझ्याकडे बघितलं. तिच्या गुडघ्यांमुळे ती दिवसभर पुढच्या खोलीत खुर्चीतच असायची. तिला टाकी नको होती, पण नाही म्हणायला कारणही सापडेना. मग टाकी आली. माझ्या उंचीपेक्षा लांब, आणि भरल्यावर इतकी जड की टाकीवाल्याने आधी जमिनीखालची तुळई कुठून जाते ते ठोकून ठोकून पाहिलं. पुढचे कित्येक दिवस भाऊजी पिंपात मीठ ढवळत होते. "समुद्र काय कमी होता," ताई म्हणायची, "म्हणून हे घरात आणखी एक करतायत." ते "मासेवाल्याकडे जाऊन येतो" म्हणाले की ती खुर्चीतूनच ओरडायची, "पिशवी न्या, आणि साफ करून आणा!"

मासेवाला म्हणजे तोच टाकीवाला. टाक्या बांधायचा, मासे विकायचा आणि लोकांना मासे विकत घेण्यापासून परावृत्तही करायचा. बारीक, दाढी वाढलेला, जाड चष्म्याचा माणूस. तो चष्मा अर्थातच भाऊजींनी केलेला.

भाऊजींचं मन मोठ्या एंजल माशांवर बसलं होतं. एकावर नाही, दोघांवर. "एकटा कसा राहील?" असं ताई एकदा सहज म्हणून गेली होती, आणि भाऊजींनी ते फार मनावर घेतलं.

"एकटा मजेत राहतो," टाकीवाला म्हणाला. "हे मासे म्हणजे एका घरात दोन कर्ते पुरुष. प्रत्येकाला वाटतं घर आपलं. एका टाकीत एका जातीचा एकच, हे तर काळ्या दगडावरची रेघ समजा. दुसरा ठेवायचाच असेल तर वेगळ्या जातीचा, वेगळ्या रंगाचा, आणि दोघं लहान असतानाच आणायचे. जो सोशिक असेल तो आधी सोडायचा, म्हणजे त्याला घर ओळखीचं होतं. आणि राणी जातीचं तर नावसुद्धा काढू नका. ती आल्या दिवशीच सगळ्यांना कोपऱ्यात बसवेल."

भाऊजींनी वही केली. कोण कोणाशी जमवून घेतं, कोण किती वाढतं, कोण कोणाचे पर कुरतडतं. महिनाभर ती वही घेऊन स्थळं बघत फिरल्यासारखे ते टाकीवाल्याकडे चकरा मारत होते. बादशहा बाद झाला, कारण तो हातभर वाढतो आणि दादागिरी करतो. पिवळा तोंडवाला बाद झाला, कारण तो लाजून जेवत नाही. शेवटी दोन उरले. टाकीवाल्याच्या भाषेत एक कडीवाला, कारण मोठेपणी त्याच्या खांद्यावर निळी कडी उमटते, आणि दुसरा कमानवाला.

"थोडा धोका आहेच," टाकीवाला म्हणाला. "पण टाकी लांब आहे. आणि मोठे झाल्यावर दोघांचे रंग इतके निराळे असतात की त्यांना एकमेकांत भाऊबंद दिसत नाही. भांडण भाऊबंदांतच जास्त होतं, साहेब."

अडचण एवढीच की हे सगळे लहानपणी सारखे दिसतात. बादशहा, कडीवाला, कमानवाला, सगळ्यांची पिल्लं काळपट निळी, अंगावर पांढऱ्या रेघा. फरक फक्त रेघांत. बादशहाच्या शेपटीजवळ रेघेचा पुरा गोल होतो. कमानवाल्याच्या रेघा कमानीसारख्या वाकलेल्या. कडीवाल्याच्या जवळजवळ सरळ उभ्या. इतकंच. भाऊजींना ही अडचण वाटलीच नाही. रेघ सरळ की वाकडी हे बघण्यातच त्यांची चाळीस वर्षं गेली होती.

पहिला मासा आला तो कडीवाला. सरळ रेघांचा, अंगठ्याएवढा. त्या दिवशी मी सोबत होते आणि रेघा मलाही सरळच दिसल्या, टाकीवाल्यालाही, भाऊजींनाही. त्यात काहीच वाद नव्हता. चार महिने तो टाकीत एकटा राजासारखा फिरला. ताई त्याच्याशी बोलायला लागली, आणि भाऊजी आणि मी तिची चेष्टा करायला लागलो. माझ्या आठवणीतले ते चार महिने फार चांगले आहेत.

मग दुसरा शोधायची वेळ आली. टाकीवाल्याकडे मिसळ पिल्लांची एक खेप आली होती, सात-आठ, वेगवेगळ्या काचेच्या खोक्यांत. भाऊजींनी खिशातून भिंग काढलं, डावा डोळा मिटला आणि एकेका खोक्यासमोर वाकून बसले. अर्धा तास. शेवटी एका पिल्लावर बोट ठेवून म्हणाले, "हा. हा कमानवाला."

टाकीवाला वाकला. बराच वेळ बघत राहिला. "मला तर सरळ वाटतात रेघा."

"सरळ?" भाऊजी हसले. "या एकदा दुकानात. नंबर तपासू तुमचा."

टाकीवाल्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. ज्या माणसाने आपल्याला दृष्टी दिली त्याच्याशी दृष्टीवरून काय वाद घालणार? "तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला आणि पिल्लू पिशवीत भरलं.

नवा मासा आणला की महिनाभर वेगळ्या छोट्या टाकीत ठेवायचा असतो, रोगबीग असेल तर कळावं म्हणून. ती छोटी टाकी पुढच्या खोलीतच, मोठीच्या शेजारी. मी संध्याकाळी चहाला गेले, एकदा या टाकीत बघितलं, एकदा त्या टाकीत.

"भाऊजी, हे दोघं सारखेच दिसतायत की."

"झालं? शुद्धलेखनबाईंचाही नंबर वाढला."

"अहो, खरंच. याच्याही रेघा सरळ आहेत."

त्यांनी भिंग लावून नव्या माशाकडे पुन्हा बघितलं. जुन्याकडे बघितलं नाही. जुना माहितीचा होता, त्याच्याकडे कशाला बघायचं? "मधोमध चांगल्या वाकल्यायत," ते म्हणाले. "तुला दिसत नाहीत. उद्या छापखान्यातून सरळ दुकानात ये."

मी गेले. त्यांनी मला तक्त्यासमोर बसवलं, काचा बदलत राहिले, यंत्रात डोकावत राहिले. मधेच यंत्रावर एक टपली मारली. "हेही बिघडलंय. रेघा हलतायत याच्या." चार दिवसांनी नवा चष्मा तयार झाला. त्यांनी तो स्वतःच्या हाताने माझ्या नाकावर चढवला, कानामागे दांड्या नीट बसवल्या आणि मागे सरकून बघत राहिले.

मला समोरची पाटी दोन-दोन दिसत होती. जमीन थोडी वर आली होती. आणि भाऊजी असे बघत होते, की जणू आपण या पोरीचं भलं केलं. पन्नाशी उलटलेली पोर मी.

"बरं," मी म्हणाले.

त्यांनी मला धरून परत खाली बसवायला हवं होतं. त्यांनी चष्म्याची डबी माझ्या हातात दिली.

छापखान्यात तो चष्मा घालून मी बसले तर पानावरचे अनुस्वार उडून गेलेले. दुपारपर्यंत कपाळ ठणकायला लागलं. पहिल्याच आठवड्यात मी जुना चष्मा बाहेर काढला आणि त्या दिवसापासून माझी दोन नाकं झाली. बाहेर जुना, खाली चहाला जाताना नवा. जिन्यात, शेवटच्या वळणावर, मी चष्मा बदलत असे. पर्समध्ये जुन्याची पत्र्याची डबी असे, तिचं झाकण स्प्रिंगचं, बंद करताना टक्क वाजायचं, म्हणून मी ती ओढणीत धरून बंद करायची. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर एका भल्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून. चूक दिसली की खूण करायची हा माझा धंदा. ही चूक माझ्या नाकावर बसली होती आणि मी तिच्याकडे डोळेझाक केली. याचं समर्थन मला आजही सापडलेलं नाही.

महिना झाला आणि दोन्ही मासे एका टाकीत आले.

पहिल्या पाच मिनिटांतच जुन्याने नव्याला दगडामागे कोंबलं. टाकीवाल्याने सांगितलेलं सगळं भाऊजींनी केलं. दगड हलवून नवी रचना केली, म्हणजे जुन्याला आपलं घर ओळखू येऊ नये. नव्याला भोकाभोकांच्या पारदर्शक डब्यात ठेवलं, म्हणजे दोघांची नुसती नजरभेट व्हावी. तरी डब्यातून बाहेर काढला की तोच धिंगाणा. जुना आडवा होऊन अंग थरथरवायचा, धडक द्यायचा, शेपटीचा तुकडा तोडायचा. नवा काही कमी नव्हता, तोही उलटून जायचा.

"वेगळ्या जातीचे इतकं भांडत नाहीत," टाकीवाला खाली मान घालून म्हणाला.

"जमेल," भाऊजी म्हणाले. "वेळ लागतो."

मग त्यांनी दुकानातला आरसा आणला, गिऱ्हाइकांना फ्रेम बघायला देतात तो. टाकीच्या काचेला बाहेरून लावला. ही युक्तीही टाकीवाल्याचीच. जुना मासा आरशातल्या स्वतःवर तुटून पडला आणि नव्याला श्वास घ्यायला फुरसत मिळाली. दिवसभर तो स्वतःशीच भांडायचा. ताई खुर्चीतून बघायची. "अहो, काढा तो आरसा," ती एकदा म्हणाली. "बघवत नाही. त्याला कळतच नाहीये की समोर दुसरं कुणी नाही."

असे पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत दुकानातलं यंत्र दोनदा दुरुस्तीला जाऊन आलं. दुरुस्त करणारा म्हणाला, काही बिघाड नाही. भाऊजी म्हणाले, त्याला काही येत नाही. दोन-तीन जुनी गिऱ्हाइकं दिसेनाशी झाली. एकीला मी बाजारात भेटले. तिच्या नाकावर दुसऱ्या दुकानाचा चष्मा होता. मला बघून ती ओशाळली. "तुमच्या भाऊजींना सांगू नका हं, त्यांना वाईट वाटेल." मी सांगितलं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून त्या माणसाला किती जपलं!

जगातलं सगळं बिघडत चाललं होतं, यंत्र, काच, टाकीवाल्याचे डोळे, माझे डोळे. चांगला फक्त भाऊजींचा डोळा. कधीकधी मला वाटतं, त्यांना माहीत होतं. त्या चौकटींच्या कागदासमोर चाळीस वर्षांत हजार माणसं बसवलेला माणूस स्वतः एकदाही तिथे बसला नाही, तो विसरून? मी विचारलं नाही आणि आता विचारून काय करायचंय?

मासे वाढत होते. पोरपणाचा काळपट निळा रंग फिका पडून खाली तपकिरी झाक यायला लागली. दोघांनाही. एका रविवारी मी टाकीसमोर उभी होते, भाऊजी आंघोळीला गेले होते आणि ताई स्वयंपाकघरात होती, म्हणून मी जुना चष्मा घातला होता. जुन्या माशाच्या खांद्यावर निळी कडी उमटायला लागलेली दिसली. अंधूक, पण कडीच. मी त्याच्यामागून नव्याला शोधलं. तो दगडाआडून बाहेर आला, वळला. त्याच्याही खांद्यावर कडी.

भाऊजी आंघोळ करून आले तेव्हा मी चष्मा बदललेला होता. तरी बोलले. "भाऊजी, दोघांना कडी आलीय."

"कमानवाल्याला कडी येत नाही."

"मग तो कमानवाला नसेल."

ते टाकीजवळ गेले, डावा डोळा मिटून काचेला जवळजवळ नाक लावलं. बराच वेळ. मग सावकाश मागे सरकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती.

"काच फुगलीय," ते म्हणाले. "टाकीची कड बघ, मधे बाहेर आलीय. फुटणार ही टाकी. त्याला बोलव. आत्ता बोलव."

टाकीवाला अर्ध्या तासात आला, धापा टाकत. हात फिरवून बघितला, जोड बघितले. मग पिशवीतून लांब पोलादी पट्टी काढली आणि काचेच्या कडेला लावली. पट्टी कडेला अशी चिकटून बसली की मधून कागदही गेला नसता.

"सरळ आहे, साहेब."

भाऊजी वाकले. डावा डोळा मिटला. "पट्टीच वाकडी आहे तुमची."

टाकीवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. दारात ताई उभी होती, गुडघा धरून, तिला काहीच कळलं नव्हतं आणि ती सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होती.

भाऊजी पट्टी हातात घेऊन खिडकीशी गेले. आधी उजवा डोळा झाकला. मग डावा झाकला. पुन्हा उजवा. गिऱ्हाइकांना करायला लावत तेच, त्याच क्रमाने, तेवढाच वेळ. मग पट्टी टाकीवाल्याला परत दिली. "चांगली आहे पट्टी," ते म्हणाले. "जपून ठेवा." आणि ताईच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत ते कधी बसत नसत.

दवाखान्यात मी सोबत गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हळू बोलणाऱ्या. डोळ्याच्या पडद्याच्या ऐन मध्यभागी सूज येऊन रक्त साकळलं होतं, त्याचा आता व्रण झालेला. रेघा वाकड्या दिसायला लागतात तेव्हाच आलं तर इंजेक्शनं देऊन बरंच राखता येतं, त्या म्हणाल्या. आता मधला भाग परत यायचा नाही. कडेकडेचं दिसेल. डावा आहे तेवढा आहे.

"सरळ रेघ वाकडी दिसायला नक्की केव्हा लागली, काही आठवतं?" त्यांनी कागदावर लिहून घेण्यासाठी विचारलं.

अशा वेळी लोक म्हणतात, काही महिने झाले असतील. भाऊजींनी तारीख सांगितली. वार सांगितला. "दुपारी चारच्या सुमारास," ते म्हणाले. "दुसरा मासा आणला त्या दिवशी."

बाईंनी तारीख लिहिली आणि बोटांवर महिने मोजले. मीही मनात मोजत होते. त्यातला एक महिना छोट्या टाकीचा, आणि त्याच्या पहिल्याच दिवशी मी म्हटलं होतं, दोघं सारखे दिसतात. आणखी एकदा म्हटलं असतं तर? त्या चष्म्यातून मला दोन-दोन दिसतंय, एवढं एक वाक्य बोलले असते तर? वाक्य काय, नुसती कटकट केली असती तरी चाललं असतं.

दुकान बंद झालं. यंत्र कुणीतरी नेलं. चौकटींचा कागद मी मागून घेतला, तो माझ्या कपाटात घडी करून ठेवला आहे.

मागच्या आठवड्यात टाकीवाला दुसरा मासा न्यायला आला. दोघांना आता एकत्र ठेवणं म्हणजे एकाचा जीव घेणं होतं. दिवसभर डब्यात खाऊचं आमिष ठेवून शेवटी त्याने फाटक्या शेपटीचा तो मासा धरला, दुहेरी पिशवीत भरला आणि ती पिशवी छातीशी धरून दारात थांबला. "मी त्या दिवशी बोलायला हवं होतं," तो म्हणाला.

"बोललात की," भाऊजी म्हणाले. "मीच नाही ऐकलं. सांभाळून जा, पायरी आहे."

तो गेल्यावर खोलीत फक्त पंपाचा आवाज राहिला. ताई आत पडली होती. भाऊजी टाकीसमोर स्टूल ओढून बसले. राहिलेला मासा काचेशी येऊन त्यांच्याकडे बघत होता, खायला मागत. त्यांनी मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली. कडेच्या नजरेत मासा पकडायला बघत होते.

"एक ढग दिसतोय," ते म्हणाले. "मधे ढग आणि बाजूला शेपटी. तू सांग. मोठा झाला ना आता? रेघा कशा आहेत त्याच्या?"

मी वाकले. पण माझ्या नाकावर त्यांनी केलेला चष्मा होता. दवाखान्यातून आल्यावरही मी तो त्यांच्यासमोर घालतच होते, आता तर काढायचं धाडसच होत नव्हतं. त्या चष्म्यातून मला एका माशाचे दीड मासे दिसत होते. या वेळी तरी नीट बघून सांगावं, असं मनापासून वाटलं. मी पर्स उघडली, जुना चष्मा काढून घातला, नवा डबीत ठेवला, आणि ओढणी धरायची विसरले.

टक्क.

भाऊजींनी मान वळवली. स्वतःच्या दुकानातल्या डब्या त्यांना आवाजावरून ओळखू येतात.

"ही जुनी डबी," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "केव्हापासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

ते रागावले असते तर मी ऋणी झाले असते. त्यांनी फक्त हात पुढे केला, चाचपडत माझ्या कानामागे बोटं नेली आणि जुन्या चष्म्याची सैल झालेली दांडी हलकेच दाबून बसवली. "डोकं फार दुखलं असेल तुझं," ते म्हणाले. मला रडू फुटलं. ते थांबेपर्यंत त्यांनी वाट बघितली.

"आता तरी खरं सांग. रेघा कशा आहेत?"

मी डोळे पुसून बघितलं. चांगलं, लख्ख बघितलं. तपकिरी अंगावर निळ्याशार रेघा आल्या होत्या. पोरपणच्या त्या पांढऱ्या उभ्या रेघा पार गेल्या होत्या. हा मासा मोठा झाला की त्याच्या रेघा वळतात, पोटाकडून निघून वर पाठीकडे कमानीसारख्या वाकत जातात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. टाकीवाल्यालाही सांगायचं सुचलं नसेल. त्या रेघा खरोखर वाकड्या होत्या.

"वाकड्या आहेत, भाऊजी."

त्यांनी स्टूल मागे सरकवलं.

"शपथ घेऊन सांगते. सगळ्या वाकल्यायत. वर पाठीकडे. मोठेपणी होतात वाटतं तशा. खोटं नाही सांगत मी, खरंच वाकड्या आहेत!"

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, स्टुलावरून उठले आणि भिंतीला हात लावत आत निघाले.

"बरं," ते म्हणाले.